मशीन फोडायला जातोय कोण? निवडणुकांवरचे परदेशी सायबर हल्ले, सोप्या भाषेत

ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कोल्हापुरातल्या एटीएममधूनही पैसे काढले गेले. एकूण फटका साधारण ९४ कोटींचा. काही तासांत, २८ देशांत, बनावट कार्डं घेऊन माणसं एटीएमसमोर उभी राहिली आणि मशीननं त्यांना निमूट नोटा मोजून दिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं पुढे या चोरीचा माग उत्तर कोरियापर्यंत नेला. या सगळ्यात एकही एटीएम कुणी फोडलं नव्हतं. एटीएम रोजच्यासारखं बँकेला विचारत होतं, ‘देऊ का?’ आणि मधेच घुसवलेली एक बनावट यंत्रणा बँकेच्या वतीनं सांगत होती, ‘दे’.

निवडणूक हॅक होते का, हा वाद आपल्याकडे प्रत्येक निकालानंतर होतो. लोकसभेला झाला, विधानसभेला झाला, जानेवारी २०२६मध्ये महापालिकेची मतमोजणी झाली तेव्हाही झाला. एक जण म्हणतो मशीन सेट होतं. दुसरा म्हणतो मशीनला इंटरनेटच नाही, हॅक होणार कसं? पुढच्या खेपेला गुलाल दुसऱ्या गटात गेला की हीच वाक्यं तोंडं बदलतात, ते सोडा. पण दोघंही बघत असतात त्या पेटीकडेच. परदेशात जे हल्ले प्रत्यक्ष झाले, चौकशीत आणि कोर्टाच्या कागदांत उतरले, त्यातले बहुतेक त्या पेटीच्या आसपासही फिरकले नाहीत.

निवडणुकीत संगणक कुठं कुठं असतो?

सायबर हल्ला म्हणजे संगणक, त्यांचं जाळं किंवा ते हाताळणारा माणूस यांना फसवून माहिती चोरणं, बदलणं किंवा सगळं ठप्प करणं. माणूस हा शब्द त्यात मुद्दाम घातला आहे; बहुतेक वेळा पहिला तोच फसतो.

मतदाराला निवडणुकीतलं एकच यंत्र दिसतं, बटण असलेलं. पण त्याच्या आधी मतदार यादी असते. ती आता संगणकावर असते आणि तिच्यात नाव घालणं, काढणं ऑनलाइन अर्जांनी होतं. मतदानानंतर मोजणी असते, मोजणीचे आकडे वेबसाइटवर चढतात, तिथून टीव्हीवर आणि आपल्या मोबाइलवर येतात. बाजूला पक्षांची कार्यालयं असतात, त्यांचे ईमेल, फोन, याद्या, पैशाचे हिशेब. आणि सगळ्यात शेवटी आपलं डोकं असतं, ज्यात महिनाभर काय काय ओतलं जात असतं.

बाहेरच्या देशातून हल्ला करणाऱ्याला यातलं जे दार उघडं सापडेल ते चालतं. आजवर उघडकीस आलेल्या परदेशी हल्ल्यांत मतांचा आकडा बदलून एखाद्या देशाचा राष्ट्रीय निकाल फिरवल्याचं सिद्ध झालेलं एकही उदाहरण नाही. हे वाचून सुटकेचा श्वास सोडू नका, कारण निकाल न फिरवताही निवडणुकीचं वाटोळं करता येतं. ते कसं, याचा धडा युक्रेनमध्ये मिळाला.

युक्रेन, मे २०१४: भोंगा ज्याच्या हातात

२५ मे २०१४ला युक्रेनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. क्रिमिया रशियानं नुकताच घेतला होता, पूर्वेला लढाई पेटलेली होती. मतदानाच्या चार दिवस आधी तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगाची संगणक यंत्रणा हल्लेखोरांनी मोडून ठेवली. ‘सायबरबेर्कुट’ नावाच्या रशियाधार्जिण्या गटानं त्याची फुशारकीही मारली. आयोगाकडे माहितीच्या वेगळ्या ठेवलेल्या प्रती (बॅकअप) होत्या म्हणून यंत्रणा वेळेत उभी राहिली.

खरा डाव पुढे होता. मतदानाच्या दिवशी निकाल जाहीर व्हायच्या साधारण ४० मिनिटं आधी आयोगाच्या संगणकांत एक घातक प्रोग्रॅम सापडला. तो तसाच राहिला असता तर आयोगाच्या स्वतःच्या वेबसाइटवर दिमित्रो यारोश हा कडवा राष्ट्रवादी नेता ३७ टक्के मतं घेऊन जिंकल्याचं दिसलं असतं. प्रत्यक्षात त्याला एक टक्काही मतं नव्हती. पेत्रो पोरोशेन्को ५४ टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आले. प्रोग्रॅम काढला गेला, वेबसाइटवर खरे आकडे आले. तरी त्या रात्री रशियाच्या सरकारी ‘चॅनल वन’वर बातमी आली की यारोश पुढे आहे. टक्के किती? तेच, ३७.

युक्रेनमध्ये मतदान कागदावर होतं. मतपेट्या, मतपत्रिका, मोजणारी माणसं यांना कुणी हात लावला नव्हता. खरा निकाल कागदावर शाबूत होता.

मग हल्ल्याचा फायदा काय, असं वाटेल. खासबागेचं मैदान डोळ्यांपुढे आणा. शाहू महाराजांनी ते असं बांधून घेतलं की कुठंही बसा, आखाडा दिसतो. चितपट झाली की हजारो माणसांनी ती एकदम पाहिलेली असते. पंचानं काहीही सांगितलं तरी मैदान ऐकत नाही. पण मैदानाबाहेर, भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला फक्त भोंगा ऐकू येतो. भोंगा जर कुणी ताब्यात घेतला आणि हरलेल्याचं नाव पुकारलं, तर बाहेर दंगा सुरू व्हायला पाच मिनिटं पुरतात. आत खरी कुस्ती कशी झाली हे समजावून सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. आजच्या निवडणुकीत आपण जवळजवळ सगळेच भिंतीबाहेरचे आहोत. मैदान हल्लेखोराला बदलता आलं नाही तरी भोंगा त्याला पुरतो.

आपल्याकडे मोबाइलवर दिसणारा आकडा हा निकाल नसतो, ही गोष्ट इथेच सांगायला हवी. कायद्यानं निकाल म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं सहीनिशी केलेली घोषणा. वेबसाइट हा त्या निकालाचा भोंगा. वेबसाइट तासभर बंद पडली तर मतमोजणी बंद पडत नाही. पण त्या तासाभरात व्हॉट्सअॅपवर काय काय फिरेल याची कल्पना कोल्हापूरकरांना मी वेगळी द्यायला नको.

यादीत हात घातला तर?

२०१६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या मतदार नोंदणीच्या यंत्रणेत रशियन लष्कराच्या गुप्तचर विभागाची माणसं शिरली. पद्धत फारच जुनी होती. वेबसाइटवर आपण जिथं नाव-गाव भरतो त्या चौकटीत नावाऐवजी संगणकाला दिलेला हुकूम लिहायचा. वेबसाइट नीट बांधलेली नसेल तर ती तो हुकूम पाळते. अमेरिकेच्या न्याय खात्यानं जुलै २०१८मध्ये १२ रशियन लष्करी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. त्यात एका राज्याच्या निवडणूक मंडळाकडून सुमारे ५ लाख मतदारांची माहिती चोरल्याचं म्हटलं आहे. सिनेटच्या समितीनं नंतर तपासलं: यादीत फेरफार केल्याचा किंवा मतं बदलल्याचा पुरावा मिळाला नाही.

ब्रिटनची गोष्ट त्याहून लाजिरवाणी. तिथल्या निवडणूक आयोगाच्या संगणकांत हल्लेखोर ऑगस्ट २०२१पासून वावरत होते. आयोगाला त्याचा पत्ता लागला ऑक्टोबर २०२२मध्ये आणि लोकांना सांगितलं गेलं ऑगस्ट २०२३मध्ये. सुमारे ४ कोटी मतदारांची माहिती त्यांच्या हाताला लागू शकत होती. मार्च २०२४मध्ये ब्रिटिश सरकारनं यामागे चीनशी संबंधित गट असल्याचं जाहीर केलं. चीननं ते नाकारलं. ब्रिटनमध्ये मत पेन्सिलीनं कागदावर देतात, त्यामुळे मतदानाला धक्का लागला नाही. पण कोण कुठं राहतं याची देशभराची यादी परक्यांच्या हाती गेली असेल, तर ती गेली ती गेली.

चोरीपेक्षा वाईट म्हणजे यादीतून नावं गळणं. त्यासाठी सगळ्या मतदारांना वगळायची गरजही नाही. एका पक्षाच्या पेठेतली दोन-तीनशे नावं गायब झाली, सकाळी सात वाजता रांगेत भांडणं लागली, व्हिडिओ फिरले, की काम झालं. आपल्या जवळचं उदाहरण कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघाचं आहे. २०२३च्या विधानसभेआधी तिथं नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यातले फक्त २४ खरे निघाले. ज्यांच्या नावानं अर्ज केले होते त्यांतल्या अनेकांना त्याची खबरही नव्हती. ही नावं वगळली गेली नाहीत, गुन्हा दाखल झाला, आणि यामागे परदेशी हात असल्याचं कुणी म्हटलेलं नाही. पण मशीनला हात न लावता, घरबसल्या, दुसऱ्याचं नाव खोडायचा प्रयत्न करता येतो हे तिथं दिसलं. जे गल्लीतल्या माणसाला जमू शकतं ते एखाद्या देशाच्या लष्कराला जमणार नाही असं मानायचं कारण नाही.

एक ईमेल आणि एक चुकलेलं उत्तर

‘फिशिंग’ म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा खोटा संदेश पाठवून पासवर्ड काढून घेणं. ‘तुमचं वीज कनेक्शन आज रात्री तोडलं जाईल’ असे मेसेज आपल्याला येतात, त्याच कुळातलं. मार्च २०१६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी लढणाऱ्या हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाला गूगलच्या नावानं असाच एक मेल आला: पासवर्ड बदला. मदतनिसांनी तांत्रिक माणसाला विचारलं. त्यानं उत्तर लिहिलं, मेल खरा आहे. त्याला लिहायचं होतं, खोटा आहे, असं तो नंतर म्हणाला. ऑक्टोबरपासून तो सगळा पत्रव्यवहार गुप्त कागद उघड करणाऱ्या विकिलीक्स या वेबसाइटवर येऊ लागला आणि मतदान होईपर्यंत रोज नव्या बातम्या देत राहिला.

इथं चोरीपेक्षा चोरीचा माल बाजारात आणायची वेळ महत्त्वाची होती. २०१७मध्ये फ्रान्समध्येही तेच करायचा प्रयत्न झाला. इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्या प्रचार यंत्रणेतले सुमारे ९ जीबी कागद मतदानाच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी रात्री, इंटरनेटवर ओतले गेले. पण फ्रान्समध्ये त्या रात्रीपासून प्रचारबंदी लागू होते आणि माध्यमांनी ती पाळली. शिवाय मॅक्रॉन यांच्या माणसांनी आधीच ईमेल खात्यांत खोटे कागद पेरून ठेवले होते, म्हणजे चोराला खरं कुठलं, खोटं कुठलं हे कळू नये. मॅक्रॉन सहज जिंकले. या सगळ्या प्रकारांत मला आवडलेला बचाव हाच. लई पैलवानकी केली नाही, नुसता प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवला.

आपल्या मशीनला इंटरनेट नाही, मग आपल्याला काय?

अर्धं बरोबर आहे. त्या अर्ध्याला पूर्ण मान देऊ.

भारताचं ईव्हीएम म्हणजे मतदाराच्या बाजूचं बटणांचं यंत्र, केंद्राध्यक्षाच्या टेबलावरचं नियंत्रण यंत्र आणि मधे चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट. बंगळूरची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या ते बनवतात. ते इंटरनेटला किंवा दुसऱ्या केंद्रावरच्या मशीनला जोडलेलं नसतं. अशा तोडून ठेवलेल्या व्यवस्थेला ‘एअर-गॅप’ म्हणतात. एक मशीन जास्तीत जास्त २,००० मतं साठवतं. म्हणजे सेंट पीटर्सबर्गमध्ये बसलेल्या माणसाला करवीर किंवा कागलमधली दहा हजार मतं फिरवायची असतील तर बरीच मशीनं, एकेक करून, हातानं उघडावी लागतील. कोणतं मशीन कोणत्या केंद्रावर जाणार हे दोनदा संगणकावर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. उमेदवारांचा क्रम अर्ज माघारीनंतर, पक्षांचे गट आणि नावांची अक्षरं बघून लागतो. त्यामुळे कारखान्यातच ‘तिसरं बटण जिंकव’ असं शिकवून ठेवायला तिसऱ्या बटणावर कोण येणार हे आधी माहीत हवं.

लाखो सुट्या पेट्या ही परदेशी हल्लेखोरासाठी खरोखर डोकेदुखी आहे. एका मोठ्या संगणकात सगळ्या देशाची मतं असती तर त्याचं काम किती सोपं झालं असतं!

आता उरलेलं अर्धं. जोडलेलं नाही म्हणजे पोचता येत नाही, असं नसतं. इराणमधल्या नतान्झ इथला अणुप्रकल्प बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेला होता. तरी स्टक्सनेट नावाचा प्रोग्रॅम, जो २०१०मध्ये उघडकीला आला, आत पोचला आणि त्यानं तिथली यंत्रं बिघडवली. तो पेन ड्राइव्हमधून, माणसाच्या खिशातून गेला असं मानलं जातं. आपल्या व्यवस्थेतही असा एक क्षण आहे. मतदानाच्या काही दिवस आधी उमेदवारांची नावं आणि चिन्हं व्हीव्हीपॅटमध्ये भरली जातात. त्यासाठी संगणकावरची माहिती एका छोट्या यंत्रात घेऊन ते व्हीव्हीपॅटला जोडतात. याला चिन्ह भरण्याचं यंत्र म्हणू. टीकाकारांचं बोट इथंच असतं: क्रम कळल्यानंतर बाहेरून आलेली माहिती मशीनच्या संचात शिरते ती इथून. सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४च्या निकालात या मुद्द्याची दखल घेतली आणि ही यंत्रं निवडणुकीचा निकाल लागल्यानंतर किमान ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितली.

आणि मशीन ब्लूटूथनं बाहेरून फिरवतात असं म्हणतात, त्याचं काय? कट्ट्यावरच्या त्या चर्चेला एवढा आधार आहे: २०१०मध्ये हरिप्रसाद, अॅलेक्स हॅल्डरमन आणि रॉप गॉन्ग्राइप या संशोधकांनी हाती आलेल्या एका भारतीय मशीनचा आकडे दाखवणारा भाग काढून त्या जागी हुबेहूब दिसणारा, मोबाइलवरून हुकूम घेणारा भाग बसवून दाखवला. म्हणजे मशीन आधी उघडावं लागलं. रस्त्यावरून जाता जाता मोबाइल रोखून मतं फिरवल्याचा पुरावा नाही. पण मशीन दोन मिनिटं एकांतात कुणाच्या हाती लागलं तर काय होऊ शकतं, हे कळलं. त्या संशोधनानंतर व्हीव्हीपॅट आलं. सप्टेंबर २०१३मध्ये नागालँडच्या नोकसेनमध्ये ते पहिल्यांदा वापरलं गेलं.

‘हॅक होतं तर सिद्ध करून दाखवा’

हे आव्हान मला कधीच पटलेलं नाही. सिद्ध करायचं ओझं कुणावर, हा इथला खरा प्रश्न आहे. हरलेल्या उमेदवाराला मशीन उघडता येत नाही, आतला प्रोग्रॅम वाचता येत नाही, मग तो सिद्ध करणार काय? जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं ३ मार्च २००९ला हाच धागा पकडला. तिथं मतदान संगणकांत गडबड झाल्याचा पुरावा नव्हता, २००५ची निवडणूक रद्दही झाली नाही. तरी न्यायालयानं ते संगणक घटनाबाह्य ठरवले. कारण साधं: निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. भिंतीबाहेरच्या माणसाला आत येऊन आखाडा बघता आला पाहिजे. नेदरलँड्सनंही मतदान संगणक सोडले, आणि मार्च २०१७च्या निवडणुकीआधी तर हॅकिंगच्या भीतीनं बेरजेचं सॉफ्टवेअरही बाजूला ठेवून हातानं मोजणी करायचं जाहीर केलं.

मग आपणही मतपत्रिकाच आणाव्यात का? डिसेंबर २०२४मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी गावात कागदावर मतदान घेऊन बघायचं ठरवलं होतं. प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. त्यांची भावना मी समजू शकतो. पण मतपेट्या पळवणं, शिक्के मारत बसणं, बाद मतांवरून हाणामाऱ्या या गोष्टी ज्यांनी पाहिल्यात त्यांना विचारा. कागद आपल्याकडे आधीच आहे. सात सेकंद काचेआड दिसून पेटीत पडणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी म्हणजे कागदच. प्रश्न आहे तो किती चिठ्ठ्या मोजायच्या, हा.

२०१९पासून नियम असा आहे की प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजायच्या. चिठ्ठी आणि मशीनचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठीचा आकडा धरतात. पाच पुरे आहेत का? गणित करून बघू. समजा एका मतदारसंघात ३०० मशीनं आहेत आणि त्यातल्या दहांत कुणीतरी गडबड केली. यादृच्छिक पाच उचलली तर त्यात एक तरी बिघडवलेलं मशीन सापडायची शक्यता जेमतेम १६ टक्के. आता समजा कोल्हापूर जिल्ह्याच्या दहाही मतदारसंघांत अशीच गडबड केली. मग कुठं तरी पकडलं जाण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर जाते. वीस मतदारसंघांत केली तर ९६ टक्क्यांहून जास्त.

म्हणजे सगळं राज्य फिरवायला निघालेला परदेशी हल्लेखोर या पाच चिठ्ठीपेट्यांच्या जाळ्यात जवळपास नक्की अडकतो. पण एकाच मतदारसंघात, काठावरच्या लढतीत, चार मशीनं हाताळणारा स्थानिक गडी त्यातून निसटू शकतो. दोन्ही बाजूंचे वक्ते टीव्हीवर ओरडतात तेव्हा एक जण पहिल्या वाक्याबद्दल बोलत असतो, दुसरा दुसऱ्या. दोघांचंही खरं असतं.

यावर तोडगा आहे. जिंकण्याचं अंतर कमी असेल तिथं जास्त चिठ्ठ्या मोजायच्या, लाखाचं लीड असेल तिथं थोड्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं २०१७पासून राज्यभर ही पद्धत सुरू केली. आपल्याकडे अंतर दोनशे मतांचं असो की दोन लाखांचं, पाच म्हणजे पाच. शंभर टक्के चिठ्ठ्या मोजा ही मागणी २०२४च्या त्याच निकालात न्यायालयानं फेटाळली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून, पैसे भरून, पाच टक्के मशीनमधला प्रोग्रॅम तपासून मागता येईल अशी सोय दिली. काठावरच्या मतदारसंघात जास्त चिठ्ठ्या मोजायला काय हरकत आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. दिवसभर लागेल. लागू दे.

फोनवरून पैसे जातात, मग मत का नाही?

कारण पैशाचा हिशेब आपल्याला दिसतो. बँकेत पाचशे रुपये कमी झाले तर आपण पासबुक घेऊन उभे राहतो आणि बँकेला एकेक व्यवहार दाखवावा लागतो. मत गुप्त असतं. ते कुणाला गेलं हे नंतर कुणालाही, आपल्यालाही, दाखवता येऊ नये अशीच रचना आहे, नाहीतर मतं विकत घेणाऱ्यांना पावतीच मिळेल. जे दाखवता येत नाही ते चुकलं हे ओळखायचं कसं?

एस्टोनिया हा छोटा देश २००५पासून इंटरनेटवर मतदान घेतो आणि २०२३च्या संसदीय निवडणुकीत तिथली निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन आली. पण तिथं प्रत्येकाकडे चिप असलेलं ओळखपत्र आहे, आणि २००७मध्ये एकाच वेळी असंख्य संगणकांवरून मारा होऊन देशातल्या बँका, वर्तमानपत्रं, सरकारी वेबसाइट बंद पडल्यापासून तो देश सायबर सुरक्षेवर जीव तोडून काम करतो आहे. आपल्या घरी आजोबांचा ओटीपी नातू सांगतो. तेव्हा घाई नको.

आपल्या गल्लीत रशियाला काय रस?

बहुधा नाही. पण लोकसभेत आहे, आणि डोकी फिरवायचा खर्च आता नगण्य आहे. एप्रिल २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टनं इशारा दिला होता की चीन एआयनं बनवलेला मजकूर वापरून भारताच्या निवडणुकीत लुडबूड करू शकतो. मे महिन्यात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं इस्रायलमधल्या एका कंपनीची खाती बंद केली. ती कंपनी भारतातल्या निवडणुकीवर बनावट प्रतिक्रिया तयार करत होती. परिणाम फारसा झाला नाही, असं ओपनएआयनंच म्हटलं. ऑक्टोबर २०२०मध्ये इराणी हॅकरांनी अमेरिकी मतदारांना धमकीचे मेल पाठवले आणि निवडणूक यंत्रणा फोडल्याचा आभास देणारा व्हिडिओ जोडला. एवढ्यावरच काम भागतं: हॅक करायचं नाही, केल्यासारखं दाखवायचं.

सगळ्यात अवघड प्रसंग रोमानियावर आला. २४ नोव्हेंबर २०२४ला राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू हा फारसा चर्चेत नसलेला उमेदवार टिकटॉकच्या जोरावर पहिला आला. गुप्तचर कागदांत निवडणूक यंत्रणेवर ८५ हजारांहून अधिक सायबर हल्ले झाल्याचं, आणि प्रचारात परदेशी हात असल्याचा संशय असल्याचं नमूद होतं. ६ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयानं निवडणूकच रद्द केली. त्या वेळी परदेशातल्या रोमानियन नागरिकांचं दुसऱ्या फेरीचं मतदान सुरूसुद्धा झालं होतं. मोजलेली मतं बदलली म्हणून ती रद्द झाली नव्हती. फेरनिवडणूक मे २०२५मध्ये झाली. न्यायालयाचा निर्णय बरोबर की चूक, यावर तिथं अजून दोन तट आहेत. माझं मत असं की निम्म्या देशाला आपली मतं कचऱ्यात गेली असं वाटलं असेल, तर हल्लेखोराला त्याहून जास्त काही नकोच होतं.

‘परदेशी हात’ हा शब्द आपल्याकडे जपून वापरावा तो यासाठी. हरलेल्याला तो हवा असतो, सत्तेत असलेल्यालाही नको ते प्रश्न झटकायला हवा असतो.

मग आपण बघायचं काय?

निवडणूक जाहीर व्हायच्या आधी यादीत नाव तपासायचं, अर्ज भरायची मुदत संपल्यावर नाही. बटण दाबल्यावर सात सेकंद चिठ्ठीकडे बघायचं. बरेच जण बीप ऐकला की वळतात. चिठ्ठीवर वेगळंच चिन्ह दिसलं तर तिथंच केंद्राध्यक्षाकडे लेखी तक्रार करता येते आणि चाचणी मत देऊन ती तपासतात. तक्रार खोटी निघाली तर गुन्हा होतो, म्हणून डोळे उघडे ठेवून करायची.

पक्षांच्या पोलिंग एजंटांचं काम याहून मोठं. मतदानाच्या आधी पहाटे मॉक पोल होतो, किमान ५० मतं टाकून मशीन तपासतात. अनेक एजंट तेव्हा चहाच्या शोधात असतात. संध्याकाळी फॉर्म १७सीची प्रत मिळते: या केंद्रावर एकूण किती मतं पडली, मशीनचा नंबर काय, सीलचे नंबर काय. मतमोजणीच्या टेबलावर हे आकडे जुळवले की मधल्या दिवसांत मशीन बदललं का, मतं वाढली का, हे कुठल्याही इंजिनिअरशिवाय कळतं. निकालानंतर ‘सेट होतं’ म्हणणाऱ्या पक्षाकडे आपल्या सगळ्या केंद्रांचे १७सी असतात का, हे एकदा कार्यकर्त्यांना विचारून बघा.

राहिली महापालिका. तिथं व्हीव्हीपॅट नसतं. राज्य निवडणूक आयोग त्याचं कारण बहुसदस्य प्रभाग पद्धतीत सांगतो: एकाच मतदाराला अनेक मतं द्यायची असतात आणि त्यासाठी चिठ्ठीचं यंत्र उपलब्ध नाही. लोकसभेपेक्षा जास्त चुरस, जास्त ओळखीपाळखी आणि कमी मतांची लीड असते ती इथंच. परदेशी हॅकर इकडे फिरकणारही नाही, पण एखाद्या प्रभागात अकरा मतांनी निकाल लागला तर पडताळून बघायला कागद नसतो. फेरमोजणी म्हणजे त्याच मशीनचं निकालाचं बटण पुन्हा एकदा दाबायचं.